बसवणावळ

धरमपेठेतल्या सर्व्हिस सेंटरात एसी इतका थंड
की बाहेरचे पंचेचाळीस अंश
काचेवर चिकटवलेल्या चित्रासारखे वाटतात.
टोकन नंबर एकोणतीस.
काउंटरवरची मुलगी नम्रपणे सांगते,
पाचशे बाराचं एक टीबी करायचं तर
सतरा हजार पाचशे, वर जीएसटी.
आणि जुनी डिस्क?
ती कंपनीकडे जमा होईल, सर.

श्रावस्ती माझ्याकडे बघत नाही.
भिंतीवरचं पोस्टर वाचते, दुसऱ्यांदा.

कळमन्याच्या यार्डात एकवीस वर्षं
मी अडत्याची वही लिहितो.
भाव ऐकून चेहरा हलू न देणं, हीच माझी नोकरी.
'बघतो,' म्हणालो.
टोकन खिशातच राहिलं.

बर्डीला, चपलांच्या दुकानामागून जिना चढून गेलं
की हेडाऊचं दुकान.
दुकान म्हणजे एक टेबल, एक कूलर,
आणि स्क्रू ठेवायला सुपारीच्या डब्यांची सहा झाकणं.
त्याचा बाप गोळीबार चौकात मागावर बसायचा.
हा लॅपटॉप पालथा घालून उघडतो
तेव्हा बोटं तशीच चालतात,
जणू कुठंतरी धागा तुटलाय आणि तो सापडणारच आहे.
आत बोटाएवढी हिरवी पट्टी.

'एवढीशीच?'
'एवढीशीच. सतरा हजार हिचे नाही न भाऊ,
तुम्हाले माहीत नाही, त्याचे आहे.'

त्याचा भाव सहा हजार दोनशे.
बसवणावळ तीनशे.

मला राग यायला हवा होता.
आला, आणि अर्ध्या वाटेत थांबला.
कारण आंबिया बहाराचं संत्रं
हर्रासात क्रेटमागे काय भावानं जातं
आणि मेण चढवून, स्टिकर लावून,
जाळीच्या पिशवीत चार नग होऊन
बंगळुरूच्या दुकानात काय भावानं बसतं,
हे दोन्ही आकडे मला पाठ आहेत.
वहीत वरचा आकडा लिहितो, खालचा लिहितो,
मधे एक ओळ कोरी सोडतो.
त्या कोऱ्या ओळीवर आमचं घर चालतं.
श्रावस्तीच्या कॉलेजची फीसुद्धा तिथूनच.

तेव्हा कंपनीला चोर म्हणायला
माझी जीभ जरा जड झाली, इतकंच.

हेडाऊ खोटं बोलत नाही.
'हा स्टिकर फाटला का वॉरंटी गेली, गजभिये साहेब.
कंपनीवाले कागद देते.
मी फोन उचलतो.'
मी श्रावस्तीकडे बघितलं.
तिनं नखानं स्टिकरचा कोपरा स्वतःच उचलला.

डिस्कवर फुटाळ्याच्या पाण्याची मोजमापं आहेत,
दोन वर्षांची, दर शुक्रवारची.
काठावर उकिडवी बसून बाटल्या भरायची.
लोक विचारायचे, काय हरवलं गं पोरी?
हे पुन्हा विकत कुठं मिळेल?
गेल्या मेचं पाणी गेल्या मेबरोबर गेलं.

नकल करायला लावलं. एकतीस टक्के. चौतीस.
मग लाइट गेली.
कूलरचं पातं शेवटचे चार फेरे मारून थांबलं
आणि त्या शांततेत मला सतरा हजार पाचशे
एकदम फार वाटेनात.
हेडाऊनं टेबलाखालच्या इन्व्हर्टरला
पायानंच हलकी लाथ मारली.
पस्तीस.
आम्ही खाली जाऊन उसाचा रस प्यायलो.
तिनं बर्फ नको म्हटलं, मग माझ्यातला काढून घेतला.

संध्याकाळी पडदा उजळला,
मी पाच मोजायच्या आत.
तिनं आधी मे उघडला.
सगळे शुक्रवार जागेवर होते.
'अर्धी रिकामी आहे, बाबा,' ती म्हणाली,
नव्या घरात कपाट उघडून बघावं तशी.

जुनी पट्टी हेडाऊनं
पेपरच्या तुकड्यात बांधून माझ्या हातात दिली.
आम्ही व्यापाऱ्याला नमुन्याचं फळ देतो, अगदी तशी.
तीनशेचे मी साडेतीनशे दिले.
त्यानं पन्नास परत केले.

घरी वही काढली. सतरा हजार पाचशे वर,
सहा हजार पाचशे खाली.
मधली ओळ सवयीनं कोरी सोडली
आणि बराच वेळ पेन उघडंच धरून बसलो.

खिशात टोकन एकोणतीस आहे.
धरमपेठेत त्यांनी नंबर पुकारला असेल,
दोनदा, तीनदा,
मग तीस.